घाटावर न पोचणारी जिप्सी

आमचं घर पंचगंगा घाटाच्या डोक्यावर. खाली पायऱ्या, वर गल्ली, आणि गल्लीत समोरून सांड आला की माणसानं ओट्यावर चढून उभं राहायचं. चारचाकी इथं येत नाही. मोटारीनं मैदागिनपर्यंत यायचं, पुढं पायी. मैदागिनला पराडकर भवन आहे, बाबूराव विष्णू पराडकरांच्या नावाचं. १८८३ साली काशीत जन्मलेल्या या मराठी माणसानं 'आज' दैनिकाचं संपादकपद भूषवलं आणि हिंदी पत्रकारिता घडवली. पाहुण्यांना आम्ही तिथंच थांबायला सांगतो आणि घ्यायला जातो.

अशा घरात राहणाऱ्यानं फोर बाय फोर जिप्सी आणावी आणि ती उभी करत बसावं, यावर घाटानं बोलून घ्यायचं तेवढं घेतलंय. "का गुरू, सीढ़ी उतारोगे?" हा त्यातला सगळ्यात सौम्य प्रश्न. गाडी पांडेपूरच्या बाजूला एका मिस्त्रीच्या शेडमध्ये असते. मी सवड काढून तिकडं जातो आणि परतल्यावर ही टिपणं लिहितो.

*

गाडी मारुतीची, जुन्या घडणीची, एमजी ४१०. सुझुकीची एसजे ४१० घेऊन, लांब व्हीलबेस ठेवून, मारुतीनं ती डिसेंबर १९८५ मध्ये भारतात आणली. इंजिन ९७० सीसीचं, पेट्रोल, ताकद ४५ अश्वशक्तीच्या आसपास. चार गिअर, कार्ब्युरेटर, चारही चाकांना पाटे, दोन्ही ॲक्सल सलग. खाली शिडीसारखी चॅसिस आणि तिच्यावर बोल्टांनी बसवलेली बॉडी. १९९६ मध्ये १३०० सीसीची जिप्सी किंग आली. काही वर्षांपूर्वी सामान्य गिऱ्हाइकासाठी जिप्सी बंद झाली, पण लष्करानं ती हजारोंनी घेतली होती आणि ताडोबात वाघ बघायला गेलेला मराठी माणूस बहुतेक हिच्याच मागच्या बाकावर बसलेला असतो.

आमची गाडी तिकडचीच, एमएच ३४, चंद्रपूर. बहिणीच्या सासरी शेतावर गोठ्याच्या कडेला उभी होती. कोंबड्या तिच्यात अंडी घालत. भाऊजी म्हणाले, "ने बाबा, पण भंगारवाला देतो तेवढं तरी दे." तेवढं दिलं. नागपूर, जबलपूर, रीवा करत ट्रकवर बसून गाडी काशीस आली.

*

गंज वरून दिसतो तो निम्माच. चालकाच्या पायाखालची रबरी मॅट उचलली, तर खाली पत्रा नाही, तपकिरी पापुद्रे. बोट लावलं की सुटत होते. भोकातून शेडची फरशी दिसत होती आणि फरशीवर पडलेला दहाचा पाना.

मिस्त्री छोटी हातोडी घेऊन चॅसिसच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं ठोकत गेला. धड लोखंड ठणकतं, कुजलेलं भदभद वाजतं. चॅसिसचे मोठे तुकडे पेटीसारखे बंद असतात. भोकांतून चिखल आत जातो, सुकता सुकत नाही, आणि लोखंड आतून खात येतो. बाहेरचा रंग मात्र शेवटपर्यंत शाबूत. म्हणून जुनी जिप्सी बघताना डोळ्यांपेक्षा कानावर भरवसा ठेवावा. आमची चॅसिस मागच्या आडव्या पट्टीजवळ आणि पाट्यांच्या मागच्या हँगरशी भदभदली. बाकी ठणठणीत. तेवढ्यावर गाडी वाचली.

*

पत्रा बदलायची रीत. कुजलेल्यावर नवा पत्रा चिकटवणारे पुष्कळ. काम झटपट होतं, वरून लांबी भरली की गिऱ्हाईक खूष. मधल्या फटीत पाणी साठतं आणि दोन पावसाळ्यांत नवा पत्राही जातो. खरं काम म्हणजे धड लोखंड लागेपर्यंत कापत जायचं. मग पुठ्ठ्याचा साचा काढायचा, तो पत्र्यावर ठेवून आखायचं, कापायचं, वाकवायचं, कडेला कड लावून वेल्ड करायचं. वेल्डिंगला हात घालण्याआधी पेट्रोलची टाकी खाली उतरवायची आणि बॅटरीची तार सोडायची. एकसलग वेल्ड मारला तर पातळ पत्रा उष्णतेनं पिळतो, म्हणून इथं एक टिपका, तिथं एक टिपका, मग मधले.

काचेच्या चौकटीची खालची कड हे जिप्सीचं कायमचं दुखणं. रबराच्या बीडिंगखाली पाणी मुरत राहतं. काच काढल्याशिवाय काही दिसत नाही, आणि काच काढायला कुणी तयार नसतं.

*

घराच्या वरच्या अंगाला आलमगीर मशीद. औरंगजेबाच्या काळात बिंदुमाधवाचं मोठं देऊळ पाडून ती उभी राहिली. आजचं बिंदुमाधवाचं देऊळ शेजारी, औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेलं, बाहेरून वाड्यासारखं दिसणारं. मशिदीला दोन उंच मिनार होते. गंगेवरून काशी बघणाऱ्या प्रत्येक चित्रकारानं ते काढले. लोक त्याला माधवरावाचा धरहरा म्हणत.

मिनार मोडकळीला आले तेव्हा जेम्स प्रिन्सेपनं त्यांची डागडुजी केली. ब्राह्मी लिपी वाचणारा तोच प्रिन्सेप. १८२० ते १८३० तो इथल्या टांकसाळीत होता. त्याच काळात त्यानं शहराचं सांडपाणी काढायला भुयारी मार्ग केला आणि कर्मनाशेवर पूल बांधला. मिनार पुढं शतकभराहून अधिक टिकले. १९४८ साली एक कोसळला, आणि दुसरा लोकांवर पडू नये म्हणून उतरवला.

डागडुजीनं वस्तू अमर होत नाही. तिला मुदतवाढ मिळते. ती किती, हे करणाऱ्याच्या हातात थोडं असतं, पुढं सांभाळणाऱ्याच्या हातात जास्त.

*

कागद. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढं तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. १ एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाची फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनं वीस वर्षांवरच्या मोटारीला ती १०,००० केली. जुनं ठेवायचं तर मोजा, असा सरकारचा सरळ हिशेब आहे. दिल्लीच्या परिसरात जुन्या गाड्यांचे नियम आणखी कडक आहेत. काशी त्या टापूत नाही, हे आमचं नशीब.

एमएच ३४ ची यूपी ६५ करायची तर आधी चंद्रपूरहून ना हरकत दाखला, फॉर्म २८. इथं चॅसिसवरच्या नंबराचा छाप द्यावा लागतो. कागद नंबरावर ठेवायचा आणि पेन्सिल आडवी धरून घासायची. त्यासाठी आधी नंबर दिसला पाहिजे. मिस्त्रीनं रॉकेलच्या बोळ्यानं काजळी आणि वंगण पुसलं, बारीक पॉलिश पेपर अगदी हलक्या हातानं फिरवला. जोरात घासलं तर आकडा जातो, आणि आकडा गेला की इंजिनासकट सगळी गाडी भंगारात. या गाडीचं इंजिन, गिअरबॉक्स, बॉडी, सगळं बदलता येईल. लोखंडावर ठोकलेले हे आकडे बदलता येत नाहीत. कायद्याच्या लेखी गाडी म्हणजे तेवढेच.

*

ट्रान्सफर केस. जिप्सीत हा डबा गिअरबॉक्सला चिकटलेला नसतो. मागं थोडा सुटा बसतो, मधे एक आखूड शाफ्ट. डब्यातून एक शाफ्ट पुढच्या ॲक्सलला, एक मागच्या. तीन रबरी माउंटांवर हा डबा लटकलेला असतो. रबर फाटलं की क्लच सोडताना गाडी खालून ठोका देते आणि मालक गिअरबॉक्स उघडायला निघतो. आधी तीन रबरं बघावीत. स्वस्तात सुटतं.

छोट्या दांडीला चार जागा: मागची दोन चाकं, चारही चाकं, न्यूट्रल, आणि चारही चाकं लो रेंजमध्ये. लो रेंजमध्ये चाकावर येणारी ओढ दीडपटीहून अधिक होते आणि वेग त्या प्रमाणात घसरतो. ४५ अश्वशक्तीची गाडी डोंगर चढते ती यामुळं.

एक गोष्ट नव्या मालकांना सांगावीच लागते. फोर बाय फोर लावलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना पक्के बांधले जातात. मधे डिफरन्शिअल नाही. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापायचं असतं. वाळूत, चिखलात चाक थोडं घसरून तो फरक भरून काढतं. डांबरी रस्त्यावर घसरायला जागा नाही. मग ताण शाफ्टमध्ये, क्रॉसमध्ये, गिअरांत साठतो, स्टिअरिंग जड होतं आणि दांडी परत निघत नाही. डांबरावर ते लावून मिरवायचं नसतं.

*

चाळीस-पन्नासच्या वेगाला स्टिअरिंग थडथडायला लागलं की लोक चाकांचं बॅलन्सिंग करून घेतात, थडथड तशीच राहते. जिप्सीच्या पुढच्या चाकामागं गोळ्यासारखी नकल असते. तिच्या वर-खाली किंगपिनचे बेअरिंग. ते ढिले झाले की हा प्रकार. चाक जॅकवर उचलून वरून आणि खालून धरायचं आणि हलवायचं. खडखडलं की निदान झालं.

बेअरिंग किती घट्ट ठेवायचे ते पिनखालच्या पातळ शिम ठरवतात. जास्त शिम घातल्या तर ढिलं, कमी घातल्या तर आवळून बसतं. नकल फिरवायला किती ओढ लागते, हे स्प्रिंगच्या काट्यानं मोजायचं. मिस्त्रीनं शेजारच्या भाजीवाल्याचा आकड्याचा काटा मागून आणला. भाजीवाला पूर्ण वेळ उभा राहून बघत होता. काटा परत घेताना म्हणाला, "गाडी तौल ली?"

त्याच जागी नमद्याची एक गोल पट्टी असते, तिच्याबरोबर रबर आणि पत्र्याची कडी. गोळ्यावरचं ग्रीस आत आणि धूळ बाहेर ठेवायची, एवढंच तिचं काम. ती सुकून कडक झाली होती. किमतीनं अगदी किरकोळ वस्तू, पण ती नसेल तर महागाचे बेअरिंग धुळीनं जातात.

*

सुटे भाग मलदहियाच्या बाजारात. जिप्सी बंद झाली तरी माल आटलेला नाही, कारण लष्कराच्या आणि जंगलातल्या गाड्या अजून चालतात. कंपनीचा माल मिळेल तिथं तोच घ्यावा. ब्रेक, स्टिअरिंग, बेअरिंग, ऑइल सील यांत तडजोड नाही. दाराचे हँडल, काचेची रबरं, दिव्यांच्या काचा हलक्या चालतात. दुकानदाराला नुसतं "जिप्सी का" म्हणून भागत नाही. जुनी की किंग, अरुंद की रुंद, कार्ब्युरेटर की इंजेक्शन, हे सांगावं लागतं. सगळ्यात बरं, जुना भाग पिशवीत घालून न्यावा आणि काउंटरवर ठेवावा.

*

फुकटचा सल्ला देणारे दोन तट. एक म्हणतो, डिझेल इंजिन टाक. दुसरा म्हणतो, मोटर आणि बॅटरी टाक.

दुसऱ्या तटाला काशीत आधार आहे. इथल्या रेल्वे इंजिनांच्या कारखान्यानं, म्हणजे पूर्वीच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्सनं, २०१८ साली दोन जुन्या डिझेल इंजिनांचं दहा हजार अश्वशक्तीच्या जोड विजेच्या इंजिनात रूपांतर केलं. सांगाडा आणि चाकांचा गाडा जुना, आतलं यंत्र नवं. कल्पनेपासून इंजिन कारखान्याबाहेर पडेपर्यंत ६९ दिवस लागले. पुढं डिझेल इंजिनांचा जमानाच ओसरला आणि २०२० मध्ये कारखान्याच्या नावातलं डिझेल जाऊन बनारस आलं. घाटाखालच्या नावांचंही तेच. डिझेल इंजिनं काढून सीएनजीची बसवली गेली, आणि नमो घाटाला पाण्यावर तरंगणारा सीएनजी पंप आहे.

तरी मी जुनंच इंजिन ठेवलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नं नोंदणीपुस्तकातल्या तपशिलाविरुद्ध फेरफार करायला मनाई आहे, परवानगीचा मार्ग लांबचा. आणि इंजिनात फारसं बिघडलंही नव्हतं. हेड उतरवलं, व्हॉल्व्ह घासून बसवले, टायमिंग बेल्ट, पाण्याचा पंप, सगळी ऑइल सील बदलली, कार्ब्युरेटर उघडून धुतला. बोअरला हात लावला नाही, कारण कॉम्प्रेशन चारही सिलिंडरांत सारखं आलं. जे चालतं ते उघडायचं नाही.

*

पंचगंगेच्या पायऱ्यांवर हिवाळ्यात एखादी लाकडी नाव पालथी घातलेली असते. मल्लाह फळ्यांच्या सांध्यांतला जुना कापूस उकरून काढतो, नवा ठोकून भरतो आणि वरून डांबर फासतो. कुजलेली फळी बदलतो, धड फळीला हात लावत नाही. ही नाव किती वर्षांची, असं विचारलं तर वडिलांच्या वेळची म्हणतो. तिच्यातल्या किती फळ्या वडिलांच्या वेळच्या, हा प्रश्न त्याला सुचत नाही. नाव रोज गिऱ्हाईक घेऊन पाण्यात जाते, एवढं त्याला पुरतं.

त्यानंच मला विचारलं, "नीचे क्या लगाओगे?" मी म्हटलं, रेड ऑक्साइड आणि वर काळा बिटुमिनचा लेप. तो म्हणाला, आतून काय? बंद पेटीच्या आत, असं त्याला म्हणायचं होतं. मिस्त्रीच्या यादीत ते नव्हतं. आता चॅसिसच्या भोकांतून लांब नळीनं पातळ मेण मारून घेतलंय.

*

रंग. या गाड्या लोकांना हव्या असतात त्या फौजी हिरव्या. तो रंग मिळणार नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२१ प्रमाणं ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. लिलावात घेतलेली लष्कराची जिप्सीसुद्धा नोंदणीआधी रंगवून घ्यावी लागते. आमची मुळातच पांढरी होती, पांढरीच राहिली. रंगाऱ्यानं विचारलं, "शोरूम चमक?" मी नको म्हटलं. जंगलात जाणाऱ्या गाडीला फांद्या लागणारच. ओरखडा पडेल या भीतीनं मालक गाडी बाहेर काढेनासा होतो.

*

भाद्रपदात गंगा चढते. धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर, १९७८ साली ती ७३.९०१ वर गेली होती, तो उच्चांक अजून मोडलेला नाही. पाणी उतरलं की पायऱ्यांवर गाद बसलेली असते. पंप लावून, पाण्याचा झोत मारून ती परत नदीत ढकलतात. कार्तिकातले आकाशदिवे बांबूंवर चढण्याआधी घाट मोकळा हवा असतो. अहल्याबाईंच्या नावानं ओळखला जाणारा दगडी हजारा दीपस्तंभ इथंच आहे, कार्तिकी पौर्णिमेला तो पेटतो.

याच गादीमुळं एक सांगतो. पुरात बुडालेली गाडी स्वस्त मिळते, घेऊ नये. ओळखायची खूण: पुढच्या सीटचे रूळ आणि डॅशबोर्डच्या मागची तार. गॅरेजवाला बाहेरून धुतो, तिथं बारीक माती राहते.

*

ब्रेक सगळ्यांत आधी, हे वाक्य शेडच्या दाराशी लिहून ठेवावं असं आहे. उभ्या गाडीचं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि सिलिंडर आतून गंजतात. आमच्या गाडीला चारही चाकांना ड्रम. चाकांचे सिलिंडर नवे, मास्टर सिलिंडर नवा, रबरी होज नवे, लोखंडी नळ्या जिथं गंजल्या तिथं नव्या, ड्रम लेथवर साफ. इंजिन सुरू व्हायच्या आत हे सगळं पुरं केलं. उलटं केलं असतं, तर इंजिन सुरू झाल्याच्या आनंदात कुणीतरी एक चक्कर मारून आलाच असता.

*

समोरच्या तीरावर रेती आहे. मित्र म्हणतात, घाल गाडी, फोर बाय फोर आहे ना. रामनगर किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतचा हा पट्टा १९८९ पासून कासवांचं अभयारण्य होता, २०२० मध्ये तो दर्जा काढला. कासवं रेतीत अंडी घालतात, ती कागद वाचून जागा बदलत नाहीत. गाडी तिथं न्यायची नाही. वाळू-दगडाची हौस भागवायला चंदौलीकडं चंद्रप्रभेचं रान आहे, राजदरी-देवदरीचे धबधबे आहेत, विंध्याचे कच्चे रस्ते आहेत. चंद्रप्रभाही अभयारण्यच, म्हणून गाडी ठरलेल्या वाटेवरच ठेवायची. टायरची हवा जरा कमी करायची, लो रेंज, दुसरा गिअर, क्लचवर पाय ठेवायचा नाही. गाडी आपली आपण चढते.

*

खर्चाचं विचाराल तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. विकायला काढली तर मसाला परत मिळणार नाही. आमच्या आत्याबाई म्हणाल्या, "एवढ्यात नवी आली असती की रे." आली असती, हप्त्यांवर. पण नव्या गाडीचं बॉनेट उघडून मला काही कळलं नसतं, आणि ही बंद पडली तर कुठं बघायचं ते मला ठाऊक आहे.

*

जुनी जिप्सी घ्यायच्या विचारात असाल, तर एवढं करा. आधी नोंदणीपुस्तक बघा आणि चॅसिसचा नंबर स्वतःच्या डोळ्यांनी ताडून घ्या. मग हातोडी घेऊन चॅसिस ठोका, मॅट उचला, काचेची खालची कड बोटानं दाबा. दांडी चारही जागांवर जाते का ते कच्च्या रस्त्यावर बघा. इंजिनाचा आवाज सगळ्यात शेवटी ऐका, कारण इंजिन कुठंही दुरुस्त होतं. चॅसिस कुजलेली असेल किंवा नंबर जुळत नसेल, तर गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.